तारे मोजू नका, साक्षीदार तपासा

अमरावतीच्या जवाहर रोडवर काय किंवा अकोल्याच्या टिळक रोडवर काय, कापड घ्यायला येणारे गिऱ्हाईक आता दुकानाची पायरी चढण्यापूर्वीच मोबाईलवर काहीतरी पाहून आलेले असते. दुकानाला किती तारे आहेत, लोकांनी काय लिहिले आहे, तोच ड्रेस नेटवर कितीला आहे, हे सारे त्याला ठाऊक असते. आपण ताका उलगडून दाखवतो आणि ते म्हणते, "पण भाऊ, नेटवर याला साडेचार तारे आहेत, हजार लोकांनी चांगलं लिहिलं आहे." अशा वेळी आम्हा दुकानदारांपैकी पुष्कळांना राग येतो. परंतु रागावून धंदा होत नाही. गिऱ्हाईक ज्या गोष्टीवर विश्वास ठेवू लागले आहे, ती गोष्ट विश्वासाला कितपत पात्र आहे याचा शांतपणे विचार करणे जास्त गरजेचे आहे. हा प्रश्न एकट्या दुकानदाराचा नाही. घरोघरी मागवला जाणारा रमजानचा कपडा, लग्नाचा जोडा, औषध, मिक्सर, इतकेच नव्हे तर डॉक्टर आणि शिकवणी वर्गसुद्धा आज हेच तारे पाहून ठरवले जात आहेत.

आमचे मत आरंभीच सांगून टाकतो. ग्राहकाचा अभिप्राय, ज्याला सर्व जण रिव्ह्यू म्हणतात, ती एक गवाही आहे, साक्ष आहे. कोणतीही साक्ष डोळे मिटून मान्य करायची नसते आणि न ऐकता फेकूनही द्यायची नसते. साक्षीदार कोण, त्याने स्वतः पाहिले काय, आणि त्याचा त्यात काही फायदा आहे काय, हे विचारूनच साक्षीचे वजन ठरते. आपण मात्र साक्षीदार न तपासता तारे मोजत बसलो आहोत.

कापसाच्या बाजाराचा धडा

न पाहिलेल्या मालावर विश्वास कसा ठेवायचा, हा प्रश्न आपल्या वऱ्हाडाला नवा नाही. अमेरिकेत १८६१ ते १८६५ या काळात यादवी युद्ध झाले. तिकडचा कापूस बंद पडला आणि विलायतेच्या गिरण्यांना हिंदुस्थानचा कापूस हवा झाला. वऱ्हाडचा कापूस अमरावतीच्या नावावरून 'ऊमरा' म्हणून मुंबई आणि लिव्हरपूलच्या बाजारात ओळखला जाई. भाव चढले आणि भावाबरोबर लबाडीही चढली. गाठींत सरकी, माती, दगड घालणे, वजन वाढावे म्हणून पाणी मारणे असे प्रकार बोकाळले. हजारो मैलांवरचा खरेदीदार गाठ फोडून पाहू शकत नव्हता. आज मोबाईलवर फोटो पाहून कुर्ती मागवणाऱ्या आपल्या बहिणीची जी अवस्था आहे, तीच त्याची होती. अखेर १८६३ साली मुंबई सरकारला कापसातील लबाडीविरुद्ध कायदा करावा लागला.

इकडे वऱ्हाडात निराळी वाट काढण्यात आली. १८८६ साली कारंजा येथील कापूस बाजार हैदराबाद रेसिडेन्सीच्या हुकमाने नियंत्रणाखाली आला. देशातील पहिली नियंत्रित बाजारपेठ म्हणून शेतमाल विक्रीच्या पुस्तकांत आजही कारंजाचेच नाव दिले जाते. त्यानंतर १८९७ मध्ये वऱ्हाडचा कापूस व धान्य बाजार कायदा झाला. बाजारावर समिती आली, मापारी आणि दलाल यांना परवाना घ्यावा लागू लागला. या कायद्याने माणसाचा स्वभाव बदलला असे कोणी म्हणणार नाही. परंतु एक मोठी गोष्ट झाली. वजन सांगणाऱ्या माणसाला नाव मिळाले आणि खोटे वजन सांगितले तर गमवायला त्याच्याजवळ परवाना आला. ज्याला नाव आहे आणि ज्याला गमवायला काही आहे, त्याच्या शब्दाला वजन येते. नेटवरच्या बहुतेक रिव्ह्यू लिहिणाऱ्यांना हे दोन्ही नसते. खरी अडचण इथे आहे.

ढिगाच्या आत हात

आपल्या दीनमध्ये तिजारतीच्या बाबतीत जी शिकवण आहे, तिच्यात आजच्या प्रश्नाचे उत्तर जवळजवळ तयार सापडते. प्रेषित मुहम्मद (स.) बाजारातून जात असता त्यांनी धान्याच्या एका ढिगात हात घातला आणि आतला माल ओला निघाला, हा प्रसंग सहीह मुस्लिममध्ये आला आहे. ओला माल लोकांना दिसेल असा वर का ठेवला नाही, असे त्यांनी त्या व्यापाऱ्याला विचारले. तारे हा ढिगाचा वरचा थर आहे. आत हात घातल्याशिवाय माल कळत नाही.

दुसरी गोष्ट 'नज्श'ची. लिलावात स्वतःला माल घ्यायचा नसताना केवळ दुसऱ्याला फसवण्यासाठी बोली वाढवणे याला नज्श म्हणतात आणि हदीसमध्ये त्याची स्पष्ट मनाई आहे. ज्याने वस्तू घेतली नाही, वापरली नाही, त्याने पैसे घेऊन "बहोत बढिया क्वालिटी" असे लिहायचे, हे नज्श नाही तर काय आहे? फक्त बोली तोंडाने लावण्याऐवजी बोटाने लावली जाते.

हा धंदा कसा चालतो ते व्यापारी बांधवांना माहीत आहेच. अमुक रुपयांत इतके पाचतारी रिव्ह्यू टाकून देतो, असे फोन दुकानावर येतात. आम्हालाही आले. रिव्ह्यू लिहिणारे लोक कुठले, असे विचारले तर उत्तर मिळते, "ते आमच्यावर सोडा." दुसरा प्रकार पार्सलमध्ये चिठ्ठी टाकण्याचा. पाच तारे द्या, त्याचा फोटो पाठवा आणि काही रुपये परत घ्या. तिसरा प्रकार सर्वांत चलाख. माणूस वस्तू खरोखर विकत घेतो, त्यामुळे त्याच्या नावापुढे 'खरेदी खात्रीची' असा शिक्का येतो, आणि पैसे त्याला मागाहून खात्यात परत मिळतात. म्हणजे हा शिक्कासुद्धा पूर्ण हमी देत नाही.

खोट्या अभिप्रायांची ताकद किती, याचे एक उदाहरण जगभर गाजले. २०१७ साली लंडनमध्ये ऊबा बटलर नावाच्या लेखकाने आपल्या घरामागच्या शेडला हॉटेलचे नाव दिले. तिथे हॉटेल नव्हते आणि जेवणही मिळत नव्हते. मित्रांकडून खोटे अभिप्राय लिहवून घेत घेत त्याने ती शेड ट्रिपॲडव्हायझर या प्रसिद्ध संकेतस्थळावर लंडनमधील पहिल्या क्रमांकाचे हॉटेल करून दाखवली. जागेसाठी लोकांचे फोन येऊ लागले. न शिजलेल्या अन्नाला जर पहिला नंबर मिळतो, तर न धुतलेल्या कपड्याला साडेचार तारे मिळाले यात नवल नाही.

आणखी एक लबाडी कापडवाल्यांनी नीट समजून घ्यावी. चांगल्या चाललेल्या जुन्या वस्तूचे अभिप्राय नव्या, वेगळ्या वस्तूला जोडून द्यायचे. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने २०२३ मध्ये बाउंटिफुल या जीवनसत्त्वाच्या गोळ्या विकणाऱ्या कंपनीवर अशाच कारणासाठी सहा लाख डॉलरची कारवाई केली. कापडात तर हे लबाडीशिवायही घडते. एकाच फोटोखाली दहा रंग, सहा मापे आणि कधी कधी अनेक विक्रेते असतात. सुरतेहून आलेला मागच्या वर्षीचा लॉट वेगळा आणि आजचा लॉट वेगळा. सूत बदलते, रंगाई बदलते. तारे मात्र जुन्या लॉटचे तसेच पुढे चालत राहतात.

खरा अभिप्रायही अपुरा

समजा सर्व लिहिणारे प्रामाणिक आहेत. तरी कापडाच्या बाबतीत त्यांची साक्ष बहुधा अर्धी असते. माणूस रिव्ह्यू केव्हा लिहितो? पार्सल उघडले त्या दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी. त्या वेळी त्याने पाहिलेला असतो रंग, फोटोशी जुळणी आणि पॅकिंग. कापडाचे खरे रूप तिसऱ्या धुण्याला कळते. रंग जातो काय, कापड आटते काय, शिवण सरकते काय, गोळे येतात काय, हे तोपर्यंत कोणालाच माहीत नसते. आणि तोपर्यंत बहुतेक लोक लिहायचे विसरलेले असतात. म्हणून ज्याने महिना दोन महिन्यांनी लिहिले आहे, त्याची एक ओळ पहिल्या दिवशीच्या शंभर "नाईस"पेक्षा मोलाची समजावी.

उलट बाजूही आहे. एक तारा देणाऱ्यांपैकी कितीतरी लोकांचा राग मालावर नसतो. कुरिअर उशिरा आले, माप चुकीचे मागवले, पैसे परत यायला वेळ लागला, म्हणून एक तारा. शिवाय ज्याला फार आवडले किंवा ज्याचा फार संताप झाला तोच लिहायला बसतो. ज्याला माल ठीक वाटला तो गप्प राहतो. त्यामुळे सरासरीचा आकडा बाजाराचे खरे चित्र दाखवीत नाही.

तरीही या ताऱ्यांना कमी लेखून चालणार नाही. हार्वर्डचे मायकेल लुका यांनी २०११ मध्ये अमेरिकेतील सिएटल शहरातील हॉटेलांचा अभ्यास मांडला. येल्प या संकेतस्थळावर एक तारा वाढला की हॉटेलचे उत्पन्न ५ ते ९ टक्क्यांनी वाढते, असे त्यांना आढळले. हा परिणाम लहान, स्वतंत्र हॉटेलांवर होता. मोठ्या साखळी हॉटेलांवर नव्हता. याचा अर्थ आपल्यासारख्या लहान दुकानदारांनी लक्षात घ्यावा. मोठ्या कंपनीला जाहिरात तारून नेते. लहान माणसाला त्याची साख तारते. खरा अभिप्राय त्याला उभा करू शकतो आणि खोटा अभिप्राय बुडवू शकतो.

साक्षीदार कसा तपासावा

हदीस जमा करणाऱ्या मुहद्दिसांनी नुसते वाक्य ऐकून ते स्वीकारले नाही. सांगणारा कोण, त्याची स्मरणशक्ती कशी, त्याचे चारित्र्य कसे, ज्याचे नाव तो घेतो त्याला तो खरोखर भेटला होता काय, असे एकेका रावीबद्दल विचारले. त्यासाठी एक स्वतंत्र इल्मच उभे केले. दीनच्या कामातील ती काटेकोर पारख आणि बाजारातील खरेदी यांची बरोबरी होऊ शकत नाही, हे उघड आहे. परंतु रीत शिकण्यासारखी आहे. त्याच रीतीने ग्राहकांसाठी काही गोष्टी सुचवितो.

पहिली गोष्ट, तारे सोडा आणि मजकूर वाचा. त्यातही दोन आणि तीन तारे देणाऱ्यांचे आधी वाचा. तो माणूस भाडोत्री असण्याची शक्यता सर्वांत कमी असते, कारण तीन ताऱ्यांसाठी कोणी पैसे देत नाही.

दुसरी, लिहिणाऱ्याने वस्तू वापरल्याची खूण शोधा. "मस्त आहे, घ्या" ही साक्ष नव्हे. "दुपट्टा पातळ आहे, अस्तर लावावे लागले, दुसऱ्या धुण्यात थोडा रंग गेला" ही साक्ष आहे. ग्राहकाने स्वतः काढलेला, घरच्या उजेडातला फोटो असेल तर कंपनीच्या फोटोशी ताडून पाहा.

तिसरी, तारखा पाहा. महिनोन् महिने शांतता आणि मग चार दिवसांत पन्नास जणांची स्तुती, असे असेल तर सावध व्हा. सर्वांत अलीकडचे आधी वाचा, कारण लॉट बदललेला असू शकतो.

चौथी, लिहिणाऱ्याच्या नावावर टिचकी मारा. त्याने एकाच दिवशी अकोल्याचे दुकान, केरळचे हॉटेल आणि दिल्लीचा दंतवैद्य या सर्वांना पाच तारे दिले असतील तर समजून जा. भाषा चांगली आहे म्हणून भुलू नका. आता कृत्रिम बुद्धिमत्तेची यंत्रे शुद्ध, गोड आणि निरनिराळ्या शैलीतले अभिप्राय हवे तितके लिहून देतात. पूर्वी एकसारखी वाक्ये पाहून खोटेपणा ओळखता येत असे. ती खूण आता पुरेशी राहिलेली नाही.

पाचवी, जे प्रश्न कापड स्वतः सांगते ते कापडालाच विचारा. 'कॉटन' लिहिले असेल तर कडेचा एक धागा काढून जाळून पाहा. सुती धागा कागदासारखा जळतो आणि त्याची मऊ राख होते. पॉलिस्टर वितळते आणि त्याचा कडक मणी बनतो. 'आर्ट सिल्क' म्हणजे कलात्मक रेशीम नव्हे, कृत्रिम रेशीम. खऱ्या रेशमासाठी सेंट्रल सिल्क बोर्डाच्या पुढाकाराने २००४ पासून 'सिल्क मार्क' आहे आणि हातमागासाठी २००६ पासून 'हँडलूम मार्क' आहे. हजार अनोळखी लोकांच्या स्तुतीपेक्षा असा एक शिक्का बरा, कारण त्यामागे जबाबदार संस्था आहे. माल परत करण्याची मुदत किती आहे, तेही आधी पाहून ठेवा.

कायदा काय म्हणतो

कायदा अगदीच झोपलेला नाही. जुलै २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनुसार विक्रेत्याने स्वतः ग्राहक असल्याचे भासवून आपल्या मालाचे अभिप्राय टाकणे मना आहे. विक्रेत्याचे नाव, पत्ता ग्राहकाला कळला पाहिजे. कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याने ४८ तासांत तक्रारीची पोच आणि एका महिन्याच्या आत निराकरण दिले पाहिजे. भारतीय मानक ब्युरोने नोव्हेंबर २०२२ मध्ये ऑनलाईन अभिप्रायांसाठी आयएस १९००० हे मानक काढले. अभिप्राय लिहिणाऱ्याची पडताळणी कशी करावी आणि अभिप्राय कसे छापावेत हे त्यात आहे. परंतु ते ऐच्छिक ठेवण्यात आले. ते सक्तीचे करावे याबाबत सरकारने मे २०२४ मध्ये कंपन्यांशी बैठक घेतली. अमेरिकेत खोटे अभिप्राय विकणे आणि विकत घेणे यावर बंदी घालणारा नियम २१ ऑक्टोबर २०२४ पासून लागू झाला आणि ब्रिटनमध्ये तशी बंदी ६ एप्रिल २०२५ पासून आली.

आमचे म्हणणे असे की, कारंजाच्या बाजारात मापाऱ्याला जर परवाना लागत होता, तर कोट्यवधी लोकांना माप सांगणाऱ्या या कंपन्यांना पडताळणीची सक्ती का नसावी? अभिप्राय खोटा निघाला तर आज लिहिणाऱ्याचे काही जात नाही आणि छापणाऱ्याचेही नाही. नुकसान होते ते घेणाऱ्याचे आणि प्रामाणिक दुकानदाराचे.

ज्यांची फसवणूक झाली त्यांनी गप्प बसू नये. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईनचा क्रमांक १९१५ आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यामुळे ग्राहक जिथे राहतो तिथल्या जिल्हा आयोगाकडे तक्रार करता येते, आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहारासाठी फी लागत नाही. अमरावतीच्या माणसाला कंपनीच्या गावी बंगळुरूला जाण्याची गरज नाही.

आपली मुले आणि हा धंदा

एका धोक्याकडे पालकांचे लक्ष वेधणे आम्हाला कर्तव्य वाटते. "घरबसल्या हॉटेलांना पाच तारे द्या आणि रोज पैसे मिळवा" असे संदेश बेरोजगार मुलांच्या मोबाईलवर येतात. सुरुवातीला शे-दोनशे रुपये खरोखर जमा होतात. मग 'मोठे काम' देण्यासाठी आधी पैसे भरायला सांगतात आणि भरलेले पैसे परत येत नाहीत. अशा अर्धवेळ नोकरीच्या आणि गुंतवणुकीच्या फसवणुकीत सापडलेली शंभराहून अधिक संकेतस्थळे केंद्रीय गृहमंत्रालयाने डिसेंबर २०२३ मध्ये बंद केली. कोणी फसले असेल तर विनाविलंब १९३० वर फोन करावा; जितका उशीर, तितकी रक्कम हातची जाते. परंतु त्याआधी मुलांना हेही समजावून सांगावे की, पैसे बुडाले नसते तरी ती कमाई खोट्या गवाहीची होती. न पाहिलेल्या हॉटेलची तारीफ विकून आलेल्या पैशाला हलाल रोजी कसे म्हणणार?

व्यापारी बांधवांना

बिझिलँड, सिटीलँड, ड्रीम्झलँडच्या घाऊक बाजारात अजूनही लाखोंचा माल शब्दावर आणि उधारीवर फिरतो. तिथे एखाद्या पेढीने दोनदा खोटा लॉट दिला तर गावोगावचे किरकोळ दुकानदार तिसऱ्यांदा त्या पायरीवर येत नाहीत. तोच आपला खरा रिव्ह्यू होय. ज्या व्यापाऱ्यांनी आपली साख अशी पिढ्यान् पिढ्या मिळवली, त्यांच्या मुलांनी ती एजंटाकडून पाच-पन्नास ताऱ्यांत विकत घ्यावी, हे आम्हाला पटत नाही. "सगळेच करतात" हा युक्तिवाद कापसात पाणी मारणारेही करीत असतील.

नेटवर मात्र जरूर यावे. गिऱ्हाईक समाधानाने निघाले की त्याला मोकळेपणाने सांगावे, "महिनाभर वापरा आणि मग खरे काय ते लिहा." वाईट लिहिले तर भांडू नये. नम्रपणे उत्तर द्यावे, माल बदलून द्यावा आणि बदलून दिल्याचे तिथेच लिहावे. वाचणारे लोक चुकीपेक्षा तुम्ही चुकीनंतर काय केले ते पाहतात.

एक नाजूक बाबही बोलली पाहिजे. कधी दुकानदाराचे नाव पाहून, धर्म पाहून एक तारा दिला जातो. हा उघड अन्याय आहे आणि कंपनीकडे तशी लेखी तक्रार केली पाहिजे. पण त्याला उत्तर म्हणून मोहल्ल्यातील शंभर जणांनी न घेतलेल्या मालाला पाच तारे द्यावेत, हा मार्ग आपला नव्हे. साक्ष आपल्या नातलगाच्या विरोधात जात असली तरी ती न्यायाने द्यावी, हीच आपल्याला शिकवण आहे. आपल्या माणसाचा माल चांगला असेल तर विकत घ्या, वापरा आणि मग लिहा. वाईट असेल तर आधी त्याला एकांतात सांगा.

शेवटी ग्राहकांनाही एक विनंती. तुम्ही घेतलेल्या वस्तूबद्दल दोन खऱ्या ओळी लिहिण्याचा कंटाळा करू नका. प्रामाणिक माणसे गप्प बसली की मैदान भाडोत्र्यांना मोकळे मिळते. तुमच्या दोन ओळींमुळे धारणीच्या किंवा बाळापूरच्या एखाद्या बहिणीचे पाचशे रुपये वाचतील. त्यासाठी पैसे मिळणार नाहीत, पण खऱ्या गवाहीचा अज्र अल्लाहकडे आहे.